धारवाडची मुले, डोंबिवलीची मुले

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात मानसशास्त्राचे दोन-तीन विद्यार्थी हमखास येतात. हातात एक इंग्रजी प्रश्नावली असते आणि ओठांवर ठरलेले वाक्य : 'सर, एवढं मराठीत करून द्याल का? पंचवीसच वाक्यं आहेत.' मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्ष कला शाखेत मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र हा विषय अनेक वर्षे होता, आणि त्याने धास्तावलेली मुले डोंबिवलीपासून कल्याणपर्यंतच्या सर्वच महाविद्यालयांत भेटत. त्यातल्या संख्याशास्त्राशी आपला काही संबंध नाही, आपले काम भाषेपुरते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

ती समजूत एका वाक्याने मोडली. 'मी स्वतःबद्दल असमाधानी नसतो' असे एका विद्यार्थिनीने इंग्रजीवरून शब्दशः उतरवले होते. घरी आजीवर प्रयोग करून पाहिला तेव्हा आजी म्हणाली, 'म्हणजे काय गं? बरं चाललंय की माझं.' आता 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या पाच चौकटींपैकी आजीची खूण कोणत्या चौकटीत करायची? मी मोठ्या उत्साहाने ते वाक्य 'माझी माझ्याविषयी तक्रार नाही' असे करून दिले. चार दिवसांनी ती मुलगी परत आली, ती तिच्या बाईंचा निरोप घेऊन. वाक्य सुरेख आहे, पण आता हा तो प्रश्न राहिलेला नाही. याला किती जण 'हो' म्हणतील ते बदलले. तेव्हा जुनी मानके याला लावता येणार नाहीत.

अनुवाद जोखण्याच्या दोनच कसोट्या आपण वर्गात शिकवतो : तो मुळाशी किती प्रामाणिक आहे आणि मराठी म्हणून किती जिवंत आहे. मोजण्याच्या साधनाचा अनुवाद करताना तिसरी एक कसोटी असते आणि ती माणसे मोजूनच लावावी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. या तिसऱ्या कसोटीचा मराठीतील आरंभ शोधू लागलो तेव्हा वाट पुण्या-मुंबईकडे न जाता धारवाडकडे वळली.

थोडी पूर्वपीठिका हवी. फ्रान्समध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण आल्यावर नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावी, असा प्रश्न पुढे आला आणि १९०४ साली सरकारने त्यासाठी एक समिती नेमली. त्यातून १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची तीस कसोट्यांची श्रेणी तयार झाली. १९०८ साली तिची मांडणी वयांनुसार झाली, १९११ साली आणखी एक सुधारणा झाली आणि त्याच वर्षी बिने वारला. मुलाची बुद्धी म्हणजे जन्मतःच ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे, या मताला त्याने १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला होता, हे मुद्दाम नोंदवायला हवे. कारण त्याच्या श्रेणीचा पुढे जो उपयोग झाला तो बराचसा याच्या उलट दिशेने झाला. १९१२ साली जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत लुइस टर्मनने स्टॅनफर्ड आवृत्ती सिद्ध करताना त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि 'बुद्धिगुणांक' नावाचा आकडा जगभर रूढ झाला.

भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी सुरू केला. लाहोरच्या हर्बर्ट राइस यांनी १९२२ साली बिनेच्या कसोट्यांचे हिंदुस्थानी रूप तयार केले. हा सारा उत्तरेचा आणि पूर्वेचा इतिहास. मराठी मुलांसाठी ते काम केले व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांचा कानडी व मराठी मुलांसाठी केलेल्या आवृत्तीविषयीचा लेख १९३४ साली शैक्षणिक मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात आला. मुलगे आणि मुली यांच्यातील फरकांविषयीचा दुसरा लेख १९३९ साली तिथेच प्रसिद्ध झाला. आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक काढले. हजाराहून अधिक मुलांची एकेक करून तपासणी, तीही दोन भाषांत. संगणक सोडाच, साधे गणकयंत्रही दुर्मीळ असण्याचे ते दिवस.

धारवाड म्हटले की मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णी आठवतात, आणि थोडे मागे गेल्यास घरी मराठी बोलणारे व कवितेत कानडीचे शिखर गाठणारे द. रा. बेंद्रे. मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील हे गाव १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. तोवर, आणि खरे तर नंतरही, तिथल्या गल्ल्यांतून दोन्ही भाषा सहज एकमेकींच्या घरात ये-जा करीत. एकच कसोटी दोन भाषांत उभी करायला याहून योग्य जागा मिळणे कठीण होते. एका भाषेत काम केले असते तर अनुवादाच्या अडचणी कदाचित झाकल्या गेल्या असत्या. दोन भाषा शेजारी ठेवल्या की त्या लपत नाहीत.

अडचणी कशा असतात ते टर्मनच्या श्रेणीतील काही कसोट्यांवरून दिसेल. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवणे ही एक कसोटी. तीन वर्षांच्या मुलाला सहा-सात अवयवांचे वाक्य, सहा वर्षांच्या मुलाला सोळा ते अठरा अवयवांचे, अशी तिची चढण. अवयव म्हणजे उच्चारातील अक्षर. मराठीत हे मोजायचे कसे? 'आमच्या घरी पांढरी गाय आहे' या वाक्यात लिहिलेली अक्षरे बारा भरतात. पण बोलताना 'आम-च्या घ-री पांढ्-री गाय आ-हे' असे नऊच आघात कानी पडतात. अभंग शिकवताना आपण लिहिलेली अक्षरे मोजतो, कारण तिथे गाणारा ती सारी उच्चारतो. कसोटीत बोललेली अक्षरे मोजावी लागतात. कानडीत अंत्य 'अ' असा गिळला जात नाही, त्यामुळे तिथे लेखी आणि बोली हिशोब बराचसा जुळतो. म्हणजे पानावर सारख्या लांबीची दिसणारी दोन वाक्ये मराठी आणि कानडी मुलाच्या स्मरणावर सारखा भार टाकत नाहीत. छंदःशास्त्राचा एवढा व्यावहारिक उपयोग मला वर्गात कधी सांगता आला नव्हता.

नवव्या वर्षासाठी यमके शोधण्याची कसोटी होती : दिलेल्या शब्दाशी जुळणारे तीन शब्द एका मिनिटात सांगायचे. इंग्रजीत ती शब्दसंपत्तीची परीक्षा ठरते. मराठीत 'येतो' म्हटले की 'जातो', 'खातो', 'गातो' अशी प्रत्ययांची रांगच लागते. पाच वर्षांचे पोरही ती लावील. मग प्रत्ययाचे यमक धरायचे की नाही? आणि जुन्या कानडी काव्यात तर प्रास बसतो तो ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर. एकच कसोटी एका भाषेत फार सोपी होते आणि दुसऱ्या भाषेत तिचा पायाच वेगळ्या जागी असतो.

सुट्ट्या पैशांचा हिशोब घ्या. टर्मनच्या मुलाला डॉलरचे शंभर सेंट ठाऊक. धारवाडच्या मुलाचा रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा, पैसा तीन पैंचा. म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. बाजारात जाणाऱ्या मुलाला ते तोंडपाठ, पण दशमान पद्धतीत वाढलेल्याला घाम फोडणारे. पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हाच प्रश्न एका रात्रीत वेगळ्या वयाचा झाला असणार. चौदाव्या वर्षासाठी राष्ट्राध्यक्ष आणि राजा यांतील फरक सांगायचा होता. धारवाडच्या भोवती सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग, सावनूर अशी संस्थानेच संस्थाने. राजे हवे तेवढे, पण राष्ट्राध्यक्ष एकही पाहिलेला नाही! सातव्या वर्षी नाडीची फुलगाठ मारून दाखवायची होती, आणि ती अनवाणी शाळेत येणाऱ्या मुलाला.

या प्रत्येक ठिकाणी चांगला अनुवादक योग्य पर्याय शोधील. तो सापडल्यावरही काम अर्धेच होते. हल्ली संशोधनाच्या पुस्तकांत उलट-अनुवादाची शिफारस असते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली ती पद्धत नीट मांडली. मराठीत केलेले वाक्य दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायचे आणि मुळाशी ताडून पाहायचे. अर्थ ढळला असेल तर त्यातून तो सापडतो. पण अवघडपणा ढळला आहे की काय, हे त्यातून कळत नाही. 'येतो-जातो'चे यमक उलट-अनुवादात निर्दोष ठरेल.

अवघडपणा कळायला मुलेच विचारावी लागतात. एखादा प्रश्न 'सहाव्या वर्षाचा' कधी म्हणायचा? पाच वर्षांच्या मुलांतील बहुतेकांना तो सुटत नाही, सहा वर्षांच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश मुलांना सुटतो आणि सात वर्षांच्या जवळजवळ सर्वांना सुटतो, तेव्हा. नंतर सगळी श्रेणी अशी जुळवायची की सहा वर्षांच्या मुलांचे मानसिक वय लहान-मोठे लावले असता मधोमध सहाच यावे. मधोमध उभ्या असलेल्या या मुलाला शालेय पुस्तकात 'मध्यक' म्हणतात. आपला रोजचा शब्द 'सरासरी'. फारसीतून आलेला हा शब्द, 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात सगळ्यांची बेरीज असते आणि दोन अतिहुशार मुले सगळ्या वर्गाची सरासरी वर ओढू शकतात. मध्यकाला ते चालत नाही, तो फक्त रांगेतली जागा पाहतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राचा एवढा एक धडा पुरे आहे असे मला कधी कधी वाटते.

कामतांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी बिने मराठीत आणला, तसाच तो मराठी मुलांवर तोलूनही पाहिला आणि कसोट्या वयांनुसार नव्याने लावल्या. इंग्रजी श्रेणी भाषांतरित करून तिच्यावर अमेरिकी वयांचे आकडे तसेच ठेवले असते तर काम पुष्कळ लवकर आटोपले असते.

अर्थात तोलायला घेतलेली मुले कोणती, हा प्रश्न कोणत्याही नमुन्याला विचारावाच लागतो. शाळेत आलेली मुले म्हणजे गावातली सगळी मुले नव्हेत, आणि १९३० च्या दशकात तर मुळीच नव्हेत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली स्थापन केलेल्या दलितवर्ग शिक्षण संस्थेची वसतिगृहे ज्या गावांत होती, त्यांत ठाणे होते आणि धारवाडही होते. माध्यमिक शाळेपर्यंत पोचण्यासाठी काही मुलांना आधी राहायला छप्पर लागत होते, असा तो काळ. शाळेतल्या मुलांवर काढलेला मध्यक हा शाळेतल्या मुलांचाच मध्यक असतो. त्याला समाजाचा मध्यक म्हटले की चूक सुरू होते, आणि ती आकडेमोडीत शोधून सापडत नाही.

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच आहे. उत्तर प्रदेशात सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली शब्दांवाचूनच्या कृतिकसोट्यांची मालिका दिली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हा बुद्धिमापनाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, पण त्यांची नजर वरच्या टोकाच्या मुलांवर होती. नागपूरला आर्थर मालिन यांनी १९६९ साली वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत ते वापरता येई. व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची श्रेणीही मालिन यांनीच भारतीय केली. म्हणजे धारवाड आणि नागपूर, मराठी मुलखाच्या दोन कडा. तिथे तयार झालेली ही साधने भारतभरच्या रुग्णालयांत पोचली आणि बिने-कामत कसोटी तर आजही चिकित्सकांच्या कपाटात आहे.

ती तिथे अजून आहे याचा अभिमान वाटावा की काळजी, हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहू. पहिली त्या भागाकाराची. पाच वर्षांच्या मुलाचे मानसिक वय चार असेल तर बुद्धिगुणांक ऐंशी. दहा वर्षांच्या मुलाचे आठ असेल तरी ऐंशीच. एक मूल एका वर्षाने मागे, दुसरे दोन वर्षांनी, आणि आकडा तोच. तो आकडा रांगेत दोघांना सारखीच जागा देतो याची मात्र हमी नाही. वेक्स्लरने १९३९ साली हा भागाकार सोडून दिला आणि समवयस्कांच्या सरासरीपासून मूल किती प्रमाण विचलने दूर आहे ते मोजायला सुरुवात केली. स्टॅनफर्ड श्रेणीनेही १९६० साली तेच केले. बिने-कामत कसोटीत भागाकार राहिला.

दुसरी गोष्ट मानकांच्या वयाची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील गुण सुमारे चौदांनी वाढले होते. मुले एकाएकी बुद्धिमान झाली असे नव्हे. शाळा, आहार, चित्रे, कोडी, सारे जगच कसोटीच्या भाषेत बोलू लागले. अमेरिकेचा आकडा आपल्याकडे तसाच लावणे चुकीचे होईल. पण दिशा स्पष्ट आहे : जुन्या मानकांवर आजचे मूल जितके आहे त्याहून पुढे दिसण्याचा संभव असतो.

पुढे दिसण्यात तोटा कसला, असे वाटेल. १ जून २००१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत बुद्धिगुणांक ५० ते ६९ असणाऱ्याला ५० टक्के अपंगत्व आणि ७० ते ७९ असणाऱ्याला २५ टक्के अपंगत्व धरले होते. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागत. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामध्ये एक भिंत उभी होती. माझ्या परिचयातील डोंबिवलीच्या एका कुटुंबातला मुलगा त्या काळात ७१ वर थांबला. दहावीला लेखनिक नाही, सवलत नाही, काही नाही. त्याचे वडील मला कागद दाखवून विचारत होते, 'सर, दोनच मार्क जास्त पडले ना? फेरतपासणीचा अर्ज करता येतो का?' आयुष्यभर बोर्डाच्या परीक्षेच्या हिशोबाने मोजलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि त्यांना वाटले त्याहून तो अधिक नेमका होता.

कारण कोणतीही कसोटी जराशी हललेली असतेच. तिची विश्वसनीयता ०.९१ धरली, म्हणजे चांगलीच धरली, आणि प्रमाण विचलन १५ धरले, तर मापनाची प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची येते. ७१ याचा अर्थ तेव्हा साधारण ६२ ते ८० यांमध्ये कुठेतरी, तोही शंभरातून पंच्याण्णव वेळा. सांगणाऱ्याने '७१' सांगितले यात त्याची चूक नाही. रकाना एकच आकडा मागत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर आलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दैनंदिन व्यवहारातील सामर्थ्याला, म्हणजे सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीला, अधिक वजन मिळाले ही स्वागतार्ह गोष्ट. तीही मालिन यांची, नागपूरची, आणि तिचेही वय झालेले.

आपल्या भाषेने या मुलांना दिलेल्या नावांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. 'ढ' हे पहिले नाव. ब्राह्मीपासून आजपर्यंत ज्याचे वळण फारसे बदलले नाही ते अक्षर, म्हणून न बदलणारा तो 'ढ', असे सांगितले जाते. बिनेने ज्या कल्पनेशी भांडण केले तीच एका अक्षरात मावलेली. मग 'जडबुद्धी', मग सरकारी 'मतिमंद', आता 'बौद्धिक दिव्यांग'. आणि आम्हां ठाणेकरांच्या वाट्याला आलेला तो जुना वाक्प्रचार : कोणी जरा वेगळे वागले की 'याला ठाण्याला पाठवा'. १९०१ साली उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयाने शहराला दिलेली ही कीर्ती. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली आणि 'ठाण्याला जाणे' याला दुसरा, सन्मानाचा अर्थही मिळू लागला. शब्द बदलले, पण नव्या शब्दाखाली मोजमाप जुनेच राहू शकते.

आजच्या ठाणे जिल्ह्यात मराठी मूल म्हणजे कोण? घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणारे डोंबिवलीचे मूल. कल्याण-भिवंडी पट्ट्यातील आगरी बोलीत वाढलेले मूल. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरचे कातकरी किंवा ठाकूर मूल. शब्दांचे अर्थ विचारणारी कसोटी या तिघांना एकाच पुस्तकी मराठीत विचारली तर ती काय मोजेल? कामतांनी निदान दोन भाषा वेगळ्या धरल्या होत्या.

गेल्या डिसेंबरात मुरबाडकडची एक विद्यार्थिनी आली. तिला शब्दार्थांची एक छोटी यादी गावाकडच्या मुलांसाठी करायची होती, आणि पुस्तकी शब्दाच्या जागी गावचा शब्द घातला तर चालेल का, असे ती विचारत होती. मी म्हटले, शब्द मी सुचवीन, पण ते किती मुलांना विचारणार आहेस? ती म्हणाली, 'तीस.' तीसच का, विचारल्यावर जरा गोंधळली. 'तीस असले की चालतात असं सगळे म्हणतात, सर.' मग आम्ही दोघे उठून मानसशास्त्र विभागात गेलो.